हाताला लागणारा जोड

पुण्याहून फोन आला. माझ्या मावसबहिणीची सून तिथे एका लहानशा दिवाळी अंकाचं काम बघते. म्हणाली, "मावशी, तुम्ही इतकी वर्षं कुंभकोणमला लोकांची स्वयंपाकघरं करताय, त्यावर लिहा ना." मी म्हटलं, "अगं, मी लिहिलं तर तुम्ही लोक हसाल. आमची तंजावरी मराठी तुमच्या पणजीच्या पणजीची." तर म्हणते कशी, "तेच पाहिजे." म्हणजे हसायचं आधीच ठरलेलं! तर हसा बापडे. जिथे फारच शिळं वाटेल तिथे ती मुलगी सरळ करून घेईल. आणि गिऱ्हाइकांशी मी दिवसभर तमिळच बोलते, ते सगळं इथे मराठीत घातलंय, एवढं ध्यानात असू द्या.

आधी धंदा काय ते सांगते. घर बांधणारे वेगळे. ते भिंती उभ्या करतात, वर स्लॅब टाकतात आणि हात झटकून निघून जातात. मग घरमालक आत येतो, करड्या सिमेंटच्या खोलीत उभा राहतो आणि घाबरतो. तिथून माझं काम सुरू. जमिनीला काय, भिंतीला काय, ओट्याला कुठला दगड, कपाटाला कुठली फळी, गच्चीवर काय घालावं म्हणजे खालची माणसं उन्हाळ्यात भाजून निघणार नाहीत. गावात मला सगळे 'टाइल्स अक्का' म्हणतात. माझं नाव शांता आहे हे आता बँकेला आणि मलाच ठाऊक.

लोकांना वाटतं ही रंगरूप निवडायची कामं. छे! आमच्या गावच्या ओट्याला तीन वैरी: चिंच, हळद आणि कॉफीचं डिकॉक्शन. पांढराशुभ्र संगमरवर घ्या, त्यावर चिंचेचं पाणी सांडा आणि दुपारी झोपून उठा. दगडावर चट्टा पडलेला असतो, तो घासून जात नाही, तो दगडच खाल्लेला असतो. कपाटांचं तर विचारूच नका. वरून सनमायका असा चकचकीत की तोंड बघावं, आणि आत भुशाची फळी. इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर रोज धुतला जातो, पाणी खाली झिरपतं, आणि एका पावसाळ्यात दार फुगून लागेनासं होतं. माझी अज्जी म्हणायची ते अगदी खरं, वरून कीर्तन, आतून तमाशा. म्हणून मी गिऱ्हाइकाला फळीचा वरचा भाग दाखवतच नाही. कापलेली कड दाखवते.

आणि गिऱ्हाइकं तरी कशी एकेक! तिरुभुवनम्‌चा एक रेशमी साड्यांचा व्यापारी होता. त्याला भिंतीचे नमुने दाखवले की तो गप्प. चार वेळा आला, चार वेळा गप्प. शेवटी एक दिवस काखेत साडी घेऊन आला, माझ्या काउंटरवर पसरली आणि म्हणाला, "अक्का, भिंत म्हणजे हे अंग, खालची पट्टी म्हणजे काठ, आणि शेगडीमागची भिंत म्हणजे पदर. आता बोला." मी म्हटलं, असं आधी बोलायचं की हो! मग काय, अंगाला फिका पोपटी, काठाला मरून, पदराला नक्षीची टाइल. कोणाच्या बापाला सुचलं नसतं इतकं देखणं स्वयंपाकघर झालं. मात्र त्याची बायको अजून म्हणते, "पदर शेगडीशी कोण नेतं?"

पापनाशम्‌ला एका डॉक्टरांच्या घरी तर माझी पुरती फजिती झाली. आमच्याकडे गृहप्रवेशाला नव्या शेगडीवर दूध तापवतात आणि ते उतू जायलाच लागतं. उतू गेलं म्हणजे घरात बरकत. डॉक्टरांनी परदेशातून शेगडी आणलेली, विजेची, काचेची, अतिशहाणी. दूध वर आलं की ती आपण होऊन बंद! दूध वर येई, सगळे हात जोडत, आणि ते खाली बसे. पुन्हा वर, पुन्हा खाली. भटजी घड्याळ बघायला लागले, डॉक्टरांची सासू रडायला लागली. शेवटी मी परसात तीन विटा मांडल्या, नारळाच्या करवंट्या पेटवल्या आणि दूध तिथे उतू घालवलं. डॉक्टर म्हणाले, "ही शेगडी फार सुरक्षित आहे हो." मी म्हटलं, "एवढी सुरक्षितता देवालाही परवडत नाही."

ह्या सगळ्यातून मी एक रीत पाडून घेतली. कुठल्याही घराचा ओटा निवडण्याआधी मी त्या घरी जाते, जुन्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात स्टुलावर बसते आणि म्हणते, एक पूर्ण जेवण करून दाखवा. माझ्याशी बोलू नका, मला बघू नका. मी नुसते हात बघते. कोण उजवीकडे ठेवतं, कोण पुसतं, कोण सांडतं आणि पुसतच नाही. लोक तोंडाने सांगतात ते एक स्वयंपाकघर असतं आणि हात वापरतात ते दुसरंच. जेवायलाही मिळतं, हा वरचा फायदा. आधी पोटोबा मग विठोबा, हे आम्ही विठोबाची माणसं उगीच म्हणत नाही.

पण आता ज्या घराविषयी सांगायचं आहे ते घर आमच्याच गावच्या मेलकावेरीतलं. सरोजाक्का आमच्या भजनातली. सत्तरी उलटलेली, बारीक, आवाज मात्र खणखणीत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिच्याकडे विठ्ठलाचं भजन असतं आणि मग पंगत. ती पंगत सरोजाक्का एकटी रांधायची, लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासून. तिची रसवांगी, म्हणजे चिंचेतली, खोबऱ्याचं वाटण घातलेली वांगी, ही काय चीज आहे ते मी तुम्हांला लिहून सांगू शकत नाही. भजनाला सूर न लागणारी माणसंसुद्धा त्या वांग्यांपायी टाळ घेऊन बसत.

तिला काचबिंदू झाला. समोरचं बांगडीएवढं दिसतं, बाकी सगळं धूसर. तरी रांधायची. मग एका उन्हाळ्यात, भजनाच्याच दिवशी, तिचा हात तापल्या तेलाच्या कढईला लागला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

तिचा मुलगा वेंकट बँकेत आहे, आईवर जीव टाकणारा, पण स्वभावाने घाबरट. त्या दिवसापासून आई शेगडीजवळ गेली की हा स्वयंपाकघराच्या दारात उभा. बँकेला उशीर झाला तरी उभा. एक दिवस दुकानात आला आणि म्हणाला, "मावशी, आमचं स्वयंपाकघर नवं करायचं. पांढरा ओटा, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अखंड, एकही जोड नको. कपाटांना मुठी नकोत. आणि दाराला सरकती काच लावा, कुलपाची."

"कुलूप कोणासाठी रे?"

तो जरा वेळ नमुन्यांवरून बोट फिरवत राहिला. "असं करा की अम्माला आत यावंसंच वाटू नये. तुम्ही तिचा हात नंतर पाहिलात, मलमपट्टी केलेला. मी आधी पाहिलाय."

मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "माझी रीत तुला ठाऊक आहे. आधी जेवण बघणार."

तर गेले. स्टुलावर बसले. वेंकट दारात. सरोजाक्काने पदर खोचला आणि म्हणाली, "शांते, बैस. आज तुजला डांगर पच्चडी घालते." म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ. आणि लागली कामाला.

ते स्वयंपाकघर म्हणजे माझ्या धंद्याची नालस्तीच. ओटा तीन तुकड्यांचा. मोरीशी जुना खरबरीत कडप्पा. मध्ये गॅस आला तेव्हा बसवलेली ग्रॅनाइटची फरशी. आणि पलीकडे, जिथे पूर्वी चूल होती आणि आता गॅसची शेगडी, तिथे तांबडं सिमेंट, तडकलेलं. दोन्ही जोड इतके ओबडधोबड की पाथरवटाने सूड उगवलाय असं वाटावं. वेंकट दारातून म्हणाला, "बघा मावशी, त्या भेगांत किती घाण बसते!" खोटं नव्हतं. बसत होती.

पण मी हात बघत होते. अक्काचा डावा हात ओट्याच्या कडेवरून सारखा चालत होता. पहिला जोड बोटांना लागला की उजवा हात वर जाई आणि बरोबर डाळीच्या डब्यावर पडे. पुढे दुसरा जोड, तिथे एक टवका उडालेला. तो टवका लागला की हात थांबे. एकदम. मग ती उजवा तळवा उघडून शेगडीवर धरी, उंचावर, आशीर्वाद दिल्यासारखा, आणि मगच भांडं ठेवी. दर वेळी. एकदाही चुकलं नाही.

मी विचारलं, "अक्का, तुम्ही ते जोड चाचपता होय?"

"कुठले जोड?" ती म्हणाली. खरंच तिला माहीत नव्हतं! हाताला माहीत होतं, तिला नाही.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीवर पैज मारत आले, की माझ्या ओट्यात जोड कुठे आहे ते शोधून दाखवा, तीच गोष्ट ह्या बाईला आंधळी करणार होती. मी गॅस बंद करायला लावला, जेवणाच्या टेबलावरचं जाड मेणकापड उचललं आणि सगळ्या ओट्यावर अंथरलं. म्हटलं, "अक्का, आता शेगडीपाशी जा बघू."

ती निघाली. बोटं कापडावरून घसरत गेली. थांबली. परत मागे आली. पुन्हा गेली, आणि ह्या वेळी हात थेट थंड शेगडीच्या जाळीवर आदळला. "अय्यो, हे कोणाचं घर गे?" ती म्हणाली. वेंकट दारातून उडी मारून आत आला आणि आईचा हात धरला.

"बघितलंत?" तो माझ्यावर ओरडला. "म्हणूनच म्हणतो, आत नको!"

"अरे शहाण्या, आत्ता तिला आंधळी मी केली, कापड टाकून! तू तेच पांढऱ्या दगडाने करायला निघालायस, तेही कायमचं."

त्याने आईचा हात सोडला. पण बँकेतला माणूस, हिशेब जुळल्याशिवाय सोडणार नाही. म्हणाला, "ठीक. मग ती भाजली कशी? तेव्हाही हे जोड होतेच ना?"

खरंच की! टवका होता, जोड होते, हात तोच होता. मग चुकलं काय? तेवढ्यात सरोजाक्का मेणकापडाची घडी घालत सहज म्हणाली, "उन्हाळ्यात मजला शेगडी कुठे आहे तेच कळत नाही गे. सगळीकडेच शेगडी."

तळवा! ती तळव्याने आच बघायची. जोड सांगे की शेगडी आली, आणि तळवा सांगे की ती किती तापली आहे, भांडं कुठवर आहे. पण चैत्र सरताना आमच्याकडे जे भट्टीचे दिवस येतात, त्यांना इथे कत्तिरी म्हणतात, तेव्हा वरचा स्लॅबच शेगडीसारखा खाली आग ओकतो. सगळी खोली तापलेली, तळवा घामेजलेला. त्यात कढईची आच वेगळी कशी कळावी? कत्तिरीला अजून दोन-तीन महिने होते, पण दुपारचं ऊन होतंच. मी तशीच गच्चीवर गेले, आणि वहाणा खाली काढून ठेवल्याचं वर पोचल्यावर आठवलं. टणाटण उड्या मारत परत आले. सरोजाक्का हसून हसून खाली बसली. म्हणाली, "शांते, तू नाचतेस हे ठाऊक नव्हतं मजला."

वेंकटने बराच विचार केला आणि शेवटी म्हणाला, "करा तुमच्या मनासारखं. पण एक सांगतो. कत्तिरीतल्या शनिवारी, भजनाच्या दिवशी, मी दारात उभा राहणार. तिचा हात एकदा जरी चुकला, तरी काचेचं दार लागणार आणि ती पुन्हा आत जाणार नाही. दार लावायचं तुम्हीच."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. सरोजाक्काला त्या अटीचं कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग नीट कर बाई. मी नुसती बसून राहिले तर मरेन." हसत म्हणाली, पण मी तिला ओळखते.

सून मालती शाळेत गणित शिकवते. मला वाटलं, तिला तो पांढरा ओटा पाहिजे असणार, आता तिची समजूत काढायला हवी. ती शाळेतून आली, सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या पाया पडायला वाकली. "मावशी, शंभर जोड घाला! तो ओटा ह्यांनी पसंत केलाय, मी नाही. अम्मा स्वयंपाकघरातून उठल्या तर ती पंगत माझ्या गळ्यात येईल. मला रसवांगी येत नाही. मला साधी वांगीही येत नाहीत." असा पाठिंबा मला आयुष्यात कोणी दिला नव्हता.

पहिलं काम गच्चीचं. वेंकटला खाली खोटं छत हवं होतं, दिव्यांचं. मी म्हटलं, ऊन छताच्या वर अडवायचं असतं, छताखाली नव्हे. पाहुणा घरात शिरल्यावर दार लावून काय उपयोग? हल्ली त्यासाठी थर्मोकोलसारखे बोर्ड मिळतात, चांगले असतात, मीही घालते. पण ते स्वयंपाकघर लहान, वर माणसांची ये-जा नाही, म्हणून मी आमच्याकडची जुनी रीत काढली. मातीची लहान मडकी गच्चीवर उपडी, एकाला एक लावून मांडायची. फटींत चुना आणि विटांचा चुरा, आणि वर लाल चपट्या फरश्या. मडक्यात अडकलेली हवा ऊन खाली जाऊ देत नाही, बस, एवढंच शास्त्र. वजन पेलेल की नाही ते आधी इंजिनियरला विचारून घेतलं, नाहीतर थंड छत डोक्यावर यायचं. मडकी आली तेव्हा शेजारीपाजारी विचारू लागले, सरोजाक्काच्या घरी कोणाचं लग्न निघालं?

मग ओटा. मी पिशवीत दगडाचे तुकडे घेऊन गेले आणि अक्कासमोर मांडले. तिने डोळे मिटून एकेकावर हात फिरवला. आरशासारख्या गुळगुळीत ग्रॅनाइटवर बोट ठेवलं आणि झटकन काढलं. "हा नको. हा कपटी आहे." मग चामड्यासारखा हाताला लागणारा तुकडा. "हा बरा. ह्याच्यावर विश्वास बसतो." आणि आगीने पोळून खरबरीत केलेला आला तेव्हा म्हणाली, "हा भांडकुदळ. पण खरं बोलतो." झालं, निवड संपली. माझ्याकडे येणारे लोक ह्याला महिनाभर लावतात.

काळा दगड एकच, पण तीन तऱ्हांचा: मोरीशी चामड्यासारखा, मध्ये चिरायला-निवडायला सपाट पण बिनचकाकीचा, आणि शेगडीच्या अलीकडे भांडकुदळ दगडाचा वीतभर पट्टा. जोडांत पितळेच्या पट्ट्या, दगडापेक्षा केसभर वर, आणि बाजूला घाण बसू नये म्हणून पक्कं भरण. पितळ आमच्या गावात मागाल तसं मिळतं. काळ्यावर पांढरी पाटी ठेवली की तिच्या बांगडीएवढ्या नजरेलाही भाजी दिसावी, हाही हिशेब होता. कपाटांना मुठी बसवल्या, प्रत्येकीची घडण वेगळी.

सगळं जुळलं, पण सेल्वम अडला. सेल्वम मेस्त्री माझ्याकडचा दगड बसवणारा, अतिशय मानी माणूस. केसभर वर म्हटल्यावर त्याने पान थुंकलं आणि म्हणाला, "अक्का, मी जोड दाखवू? उद्या लोक म्हणतील सेल्वमचा हात गेला."

"अरे, हातासाठीच आहे."

"मग दुसरा बघा."

तो जायला निघाला. सरोजाक्का आतून आली, त्याचा हात धरला आणि जुन्या ओट्याशी नेलं. त्याचं बोट त्या टवक्यावर ठेवलं. "सेल्वम, हे माझं दार," ती तमिळमध्ये म्हणाली. "नवं करताना दार ठेवशील ना रे बाबा?" सेल्वम पट्टी कापायला बसला. ती पट्टी त्याने इतकी मन लावून बसवली की मीच म्हटलं, पुरे आता, आरती करायची नाहीये. निघताना मात्र मला बजावलं, "कोणी विचारलं तर सांगायचं, मुद्दाम केलंय."

आणि कत्तिरी आली. त्या वर्षी कावेरीची नुसती वाळू दिसत होती, कुत्री गटाराच्या पाण्यात बसायची. शनिवारी सकाळी मी पोचले तर वेंकट दारात, हाताची घडी घालून, परीक्षा घ्यायला आलेल्या मास्तरासारखा. बाहेर ओसरीत भजन सुरू झालं होतं. मी माझ्या स्टुलावर.

खोली गार नव्हती हो, उगीच थापा मारणार नाही. पण डोक्यावर आग नव्हती. सरोजाक्का आली, डावा हात कडेवर ठेवला आणि चालू लागली. पहिली पट्टी, डाळ. दुसरी पट्टी, मग तो खरबरीत पट्टा, आणि हात थांबला. तळवा वर. ती जरा थांबली, तळवा थोडा डावीकडे नेला, थोडा उजवीकडे, आणि हसली. "आहे की गे, इथेच आहे," असं काहीसं पुटपुटली. शेगडीशी बोलत होती की विठोबाशी, कोण जाणे. भात झाला, डाळ शिजली, वांगी चिरून पडली. वेंकट पापणी न लववता बघत होता.

मग तेलाची कढई चढली. तेल तापलं, मोहरीचा डबा हातात, तळवा कढईवर. बाहेरचे टाळ एकदम बंद झाल्यासारखे वाटले मला, पण ते चालूच होते. अक्काचा हात कढईवर गेला आणि मध्येच थबकला. वेंकट एक पाऊल पुढे आला. मी स्टूल घट्ट धरलं.

"वेंकट," ती मागे न बघता म्हणाली, "दारातून हल. मघापासून वारा अडतोय, मजला आच कळत नाही. एक तर बाहेर जा, नाहीतर आत ये आणि नारळ खव."

वेंकटने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मग त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आत आला आणि खवणीवर बसला. दारातून वाऱ्याची झुळूक आली. मोहरी तडतडली. अक्काने कढीपत्ता टाकला, चिंचेचं पाणी ओतलं, आणि मुलाला म्हणाली, "बारीक खव. तुझ्या बापासारखे दगड पाडू नकोस."

त्या दिवशी काचेचं दार लागलं नाही. मी पोटभर रडून घेतलं, मोरीशी तोंड धुण्याच्या निमित्ताने, चामड्यासारख्या त्या दगडावर हात टेकून. एवढी घरं केली, पण असं कधी झालं नव्हतं.

पंगत बसली. केळीच्या पानावर रसवांगी आली. मी पहिला घास घेतला आणि दचकले. मीठ जास्त. जास्त म्हणजे चांगलंच जास्त. आजूबाजूला सगळे माना खाली घालून निमूट जेवत होते, कोणी शब्द काढेना. मला राहवेना. अक्का शेजारीच बसली होती, मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "अक्का, मीठ..."

"हळू बोल गे," ती म्हणाली. "मीठ वेंकटनं घातलंय."

समोर वेंकट वाकून वाकून सगळ्यांना तीच वांगी आग्रहाने वाढत होता, कपाळावर घाम, सदऱ्याला खोबरं. अक्काला तो दिसत नव्हता, पण तिने त्याच्या आवाजाकडे मान वळवली.

"पुढच्या भजनाला त्यालाच करू दे म्हणते," ती म्हणाली. "दारात मी उभी राहीन."